बाळाची कार सीट आणि क्रूझची सहल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी-नाताळची सुटी तोंडावर आली की मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे निघणाऱ्या क्रूझच्या जाहिराती झळकू लागतात. मुलांचं खेळघर, पोहण्याचा तलाव, जेवणाचे प्रकार, सगळं त्यांत असतं. दीड-दोन-तीन वर्षांचं मूल घेऊन निघालेल्या आईबापांना पडणारा एक प्रश्न मात्र नसतो. मुलाची कार सीट, म्हणजे गाडीच्या बाकावर बसवायचं त्याचं पट्ट्यांचं वेगळं आसन, बरोबर न्यायची की घरीच ठेवायची? बहुतेक घरांत याचा निकाल चटकन लागतो. जहाजावर कुठे गाडी आहे, उगाच ओझं कशाला! हे पत्र त्या निकालाबद्दल आहे.

जहाजावर कार सीटचा काडीचा उपयोग नाही, हे कबूल. पण जहाजात चढण्याआधी रस्ता असतो, उतरल्यावर असतो आणि मधल्या प्रत्येक बंदरावरही असतो. पुण्याचं कुटुंब घ्या. घरापासून बॅलार्ड पिअरच्या क्रूझ टर्मिनलपर्यंत साधारण दीडशे किलोमीटर. त्यांतले साडेचौऱ्याण्णव द्रुतगती मार्गाचे, जिथे सपाटीवर मोटारींना ताशी १०० ची मुभा आहे. अटल सेतूने गेलं तर तिथले २२ किलोमीटरही त्याच वेगाचे. परतताना पुन्हा तेवढाच रस्ता. गोव्यात जहाज लागतं मुरगावला. तिथून पणजी सुमारे ३० किलोमीटर, कळंगुट आणखी पंधरा. म्हणजे दोन-तीन रात्रींच्या समुद्रसहलीत मूल जवळजवळ चारशे किलोमीटर मोटारीत असतं, आणि तेही बहुधा भाड्याच्या मोटारीत, कुणाच्या तरी मांडीवर.

मांडीवरचं मूल हे काही धरलेलं मूल नव्हे. ताशी ५० च्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून थांबते तेव्हा १२ किलोच्या मुलाला जागच्या जागी ठेवायला क्षणभर दोनशे-तीनशे किलोचा जोर लागतो. आईने आपल्याच पट्ट्यात मुलालाही गुंडाळून घेतलं तर आईच्या अंगाचा सगळा भार मुलावर येतो आणि पट्टा त्याच्या पोटात रुततो. मोठ्यांचा पट्टा एकट्या मुलाला लावला तर तो गळ्यावरून आणि पोटावरून जातो, खांदा आणि कमरेच्या हाडावरून नाही. बाळ छातीशी बांधायची झोळी चालण्यासाठी आहे, मोटारीत तिचा भरवसा धरू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ ब प्रमाणे चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. पण दंडाच्या भीतीने कुणी सीट नेत नाही, म्हणून तो मुद्दा इथेच सोडतो.

ठरवायचं कसं? एका कागदावर सहलीतले सगळे टप्पे लिहून काढा. घर ते बंदर, बंदर ते प्रत्येक फेरफटका, परतीचं बंदर ते घर. प्रत्येकापुढे वाहन लिहा आणि किलोमीटर लिहा. पट्टा असलेली मोटार एका जरी टप्प्यात येत असेल तर सीट न्यावी, हे आमचं मत. एवढंसंच अंतर आहे, या सबबीवर आमचा विश्वास नाही. सगळे टप्पे लोकल, रेल्वे, मोठी बस किंवा पायी होत असतील तर खुशाल घरी ठेवा. दादरचं कुटुंब बेस्टच्या बसने बॅलार्ड पिअरला जात असेल आणि लक्षद्वीपला उतरून पुळणीवरच दिवस काढणार असेल तर सीट नुसती खोलीत पडून राहील. जहाज खोल पाण्यात उभं राहतं, माणसं छोट्या होडीतून बेटावर जातात, आणि हलत्या होडीत सहा किलोची सीट आणि कडेवरचं मूल दोन्ही सांभाळणं म्हणजे धोका विकत घेणं.

आपली गाडी आपणच चालवत बंदरापर्यंत नेऊन तिथे लावून ठेवणार असाल तर प्रश्न अर्धा सुटतो. सीट गाडीतच ठेवा. फक्त परतल्यावर मुलाला लगेच त्यात कोंबू नका. तीन दिवस उन्हात तापलेल्या गाडीत हार्नेसच्या, म्हणजे मुलाला बांधायच्या सीटमधल्या पट्ट्यांच्या, बकलचा धातू चटका देतो. आधी हात लावून पाहा, निघताना सीटवर पांढरी चादर टाकून ठेवा. उरतात बंदरावरचे फेरफटके. त्यांची मोटार ठरली असेल तर सीट आपल्याबरोबर जहाजावर आली पाहिजे.

आता खरी अडचण. भाड्याच्या मोटारीत सीट न्यावी तर ती बसतच नाही, अशी तक्रार ऐकू येते. दहांतल्या नऊ वेळा दोष सीटचा नसतो, गाडीवर चढवलेल्या आवरणांचा असतो. टुरिस्ट टॅक्सीच्या मागच्या बाकावर रेक्झिनचं अखंड कव्हर ताणून बसवलेलं असतं आणि पट्ट्यांची बकलं त्याच्या खाली दाबून टाकलेली असतात. पट्टा खांद्याकडून लोंबत असतो, पण तो अडकवायला खाली काही नसतं. आयसोफिक्सच्या, म्हणजे पट्ट्याशिवाय सीट थेट गाडीला अडकवायच्या, दोन लोखंडी दांड्या पाठ आणि बैठक मिळतात त्या फटीत असतात, त्याही याच कव्हरखाली जातात. गाडी सीएनजीची असेल तर डिकीत टाकी असते. बॅगा मागच्या बाकावर येतात आणि काही गाड्यांत सीटचा वरचा भाग मागे बांधणाऱ्या पट्ट्याची कडी टाकीआड जाते.

म्हणून गाडी ठरवतानाच, आदल्या दिवशी, फोनवर विचारून घ्या. मागच्या बाकाची बकलं वर काढलेली आहेत का? डिकी रिकामी आहे की टाकी आहे? बॅगा कॅरिअरवर जातील का? ‘पट्टे आहेत का’ एवढंच विचारलं तर उत्तर नेहमी ‘आहेत’ असंच येतं. चार मोठी माणसं, तीन बॅगा आणि सीट यांना सीएनजीवरची डिझायर पुरत नाही, एर्टिगा सांगावी. एर्टिगातही सीट मधल्या रांगेत, दाराकडच्या जागेवर. तिसऱ्या रांगेत मूल ठेवलं तर त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही, आणि मधली रांग दुमडल्याशिवाय त्याला बाहेरही काढता येत नाही.

गाडी दारात आल्यावर चालकाची घाई असते, मागे हॉर्न वाजत असतात. तरीही पाच मिनिटं घ्याच. बकल कव्हरखालून उपसून काढा. सीट जागेवर ठेवा, पट्टा तिच्या ठरलेल्या वाटेने ओवा. युरोपीय मानकाच्या, म्हणजे नारिंगी लेबलच्या सीटवर मागे तोंड करून बसवण्याची वाट निळ्या खुणांनी आणि पुढे तोंड करून बसवण्याची वाट लाल खुणांनी दाखवलेली असते. या दोन वाटांची गल्लत ही सगळ्यांत जास्त होणारी चूक. पट्टा अडकवला की सीटवर गुडघ्याने किंवा तळहाताने भार द्या आणि खांद्याकडची बाजू ओढून सगळा ढिलेपणा काढा. मग जिथून पट्टा जातो तिथेच सीट धरून डावी-उजवीकडे हलवा. अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त हलली तर पुन्हा ओढा. सीटचा वरचा शेंडा हलवून पाहू नका. मागे तोंड केलेल्या सीटचा तो भाग थोडा हलणारच.

दोन बिघाड इथे हमखास होतात. एक, मागे तोंड करून बसवताना पट्टा सीटच्या पाठीला वळसा घालतो आणि काही लहान गाड्यांत तो पुरतच नाही, बकलपासून बोटभर आधी संपतो. तो जोर लावून पुरत नाही. बाकावरची दुसरी जागा पाहावी, नाहीतर दुसरी गाडी मागवावी. दुसरा बिघाड दिसायला साधा आणि जास्त वाईट. बकलची दांडी लांब असली की बकल सीटच्या प्लॅस्टिकच्या कडेवर येऊन टेकतं. धडकेत ते त्या कडेवर वाकतं आणि उघडू शकतं. बकलमध्ये पट्टा घट्ट आहे, खटका वाजला आहे, तरी ते बकल कडेवर टेकलेलं असेल तर ती जागा बाद.

मुलाला बसवताना हार्नेसची उंची पाहावी. तोंड मागे असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खालून निघाले पाहिजेत, तोंड पुढे असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित वरून. पट्टा गळ्याखालच्या हाडाजवळ चिमटीत धरून पाहा. उभी चुणी पडली तर सैल आहे. पहाटे निघताना घातलेलं जाड जाकीट आधी काढा, थंडी असेल तर पट्टे लावल्यावर वरून पांघरूण घाला. तोंड मागे असलेली सीट चालकाशेजारी, सुरू एअरबॅगसमोर कधीही नाही. दोन वर्षांचं मूल मागे तोंड करून बसवलं की आजी विचारतेच, अगं त्याचे पाय आखडतील! पाय दुमडून बसायला मुलांना काही होत नाही. त्यांचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान कोवळी. सीटवर लिहिलेलं वजन किंवा उंची, यांतलं एक भरेपर्यंत तोंड मागेच ठेवावं.

अमेरिकेतून सुटीला आलेली कुटुंबं आजी-आजोबांना घेऊन गोव्याची क्रूझ करतात. तिकडची सीट बरोबर आणलेली असते आणि इथे तिचं काहीतरी बिनसतं. कारण पट्ट्यात आहे. तिकडच्या मोटारीतला मागचा पट्टा पूर्ण बाहेर ओढला की परत जाताना टकटक करत अडकत जातो आणि मग सैल होत नाही. इथल्या गाड्यांचा पट्टा फक्त झटका बसला तरच अडकतो, एरवी सरकत राहतो. त्यामुळे घट्ट बसवलेली सीट दहा मिनिटांत डुगडुगायला लागते. सीटमध्येच पट्टा चिमटून धरणारी खीळ असेल तर ती वापरावी. नसेल तर इंग्रजी एच अक्षरासारखी लोखंडी क्लिप लागते. काही सीटच्या पाठीला किंवा बुडाला ती चिकटवूनच दिलेली असते, आणि ती कशासाठी आहे ते कुणाला माहीत नसतं. बकलच्या जिभेपासून अडीच सेंटिमीटरच्या आत, पट्ट्याच्या दोन्ही पदरांना एकत्र धरून ती लावायची. त्याहून सोपा मार्ग म्हणजे आयसोफिक्स असलेली गाडी मागवणं. त्या दांड्या दोन्ही देशांत सारख्याच असतात, एकमेकींपासून २८ सेंटिमीटरवर, आणि अमेरिकी सीटचे हुक त्यांत बसतात.

कुठली सीट न्यावी? घरच्या गाडीतली फिरणारी, आयसोफिक्सच्या बैठकीची सीट बारा-पंधरा किलोची असते. ती घरीच बरी. साधी, पट्ट्याने बसणारी, चार-सहा किलोची सीट प्रवासाला योग्य. वर्षातून दोन सहली होणार असतील तर अशी दुसरी विकत घेणं परवडतं. नवी सीट निघण्याच्या आदल्या रात्री खोक्यातून काढू नका, दोन आठवडे आधी घरच्या गाडीत बसवून हात बसवा. जुनी कुणाकडून मागून घेणार असाल तर बुडावर कोरलेली तारीख पाहा. बहुतेक सीटचं आयुष्य सहा ते दहा वर्षं धरलेलं असतं. तिचा अपघात झाला होता का, हे स्पष्ट विचारा. गाडीबरोबर भाड्याने मिळणारी सीट आम्हांला पसंत नाही. तिचा इतिहास कळत नाही, माहितीपुस्तिका हरवलेली असते आणि मुलाला त्यात बसवण्याची वेळ येते तेव्हा बदलून मागायला सवड नसते.

बंदरावर पोहोचल्यावर मोठ्या बॅगा हमालांच्या हाती जातात आणि संध्याकाळपर्यंत खोलीच्या दाराशी येतात. सीट त्यांच्याबरोबर देऊ नये, ती बॅगांच्या ढिगाखाली जाते. हातात ठेवा, तपासणी यंत्रातून न्या. आतल्या भागातली खोली सव्वाशे-दीडशे चौरस फुटांची. तीत मुलाची घडीची खाट लावली की जमीन संपते. सीट बहुधा पलंगाखाली मावत नाही. रिकाम्या बॅगा पलंगाखाली सारा आणि सीट कपाटाच्या तळाशी किंवा टेबलाखाली ठेवा. कपाटाच्या डोक्यावर नको, जहाज डुललं की ती खाली येते. दाराच्या वाटेतही नको. गॅलरीत तर मुळीच नको. खारी हवा आणि तुषार बकलच्या स्प्रिंगला गंज आणतात.

एक गोष्ट ठणकावून सांगावीशी वाटते. खाट आली नाही, मूल रडतंय, म्हणून त्याला जमिनीवर ठेवलेल्या कार सीटमध्ये झोपवू नका. गाडीत सीट ठरावीक कोनात असते. जमिनीवर तो कोन बदलतो, झोपलेल्या मुलाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट अरुंद होते. त्यात पट्टे सैल सोडलेले असले तर मूल खाली घसरून गळ्याशी अडकतं. खाट तिकीट काढतानाच नोंदवून ठेवा, जहाजावर त्या मोजक्या असतात. जेवायला उंच खुर्ची मिळते, त्यासाठी सीट उपाहारगृहात घेऊन जाण्याचंही कारण नाही.

गोव्यात समुद्रावरून परतताना मूल वाळूने माखलेलं असतं. आधी अंग पुसा, मग सीटमध्ये बसवा. बकलमध्ये वाळू गेली की खटका अर्धवट लागतो, किंवा लागला की सुटत नाही. तसं झालं तर बकल उलटं धरून झटका आणि साध्या पाण्याने धुऊन वाळवा. तेल, वंगण, साबण काही नको. पट्टेही ओल्या फडक्याने पुसायचे, यंत्रात धुवायचे नाहीत.

बंदरावरच्या फेरफटक्याला मोठी बस असेल तर सीट जहाजावरच राहू द्या, पट्ट्यांशिवाय ती बसमध्ये बसत नाही. मूल पहिल्या रांगेत किंवा दाराच्या पायऱ्यांसमोर मात्र बसवू नका. टेम्पो ट्रॅव्हलर ही अडनिडी गोष्ट. तिला बसचं वजन नाही आणि अनेकींच्या मधल्या जागांना खांद्यावरचा पट्टाही नाही. नुसता कमरेचा पट्टा असेल तर आपल्या सीटच्या पुस्तिकेत तशी परवानगी आहे का ते पाहावं. युरोपीय मानकाच्या बहुतेक सीटना तीन टोकांचा पट्टाच लागतो. रिक्षात कुठलीच सीट बसत नाही. अशा वेळी जवळचं ठिकाण निवडावं. कोचीत जहाज विलिंग्डन बेटाला लागतं, तिथून फोर्ट कोची आठ-दहा किलोमीटरवर आहे. तेवढ्यासाठी साधी टॅक्सी आणि आपली सीट पुरते.

परदेशातून सुटणाऱ्या क्रूझचं गणित विमानतळापासून मांडावं लागतं. फ्लोरिडात ऑर्लँडो विमानतळ ते पोर्ट कॅनाव्हरल सुमारे ७० किलोमीटर आहे. रोमचा फ्युमिचिनो विमानतळ ते चिविटावेक्किया बंदरही जवळपास तेवढंच, पण तिथे रेल्वेने जाता येतं. सिंगापुरात १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बालआसन लागतं. रस्त्यावरच्या टॅक्सीला त्यातून सूट आहे, ॲपवरून मागवलेल्या खासगी मोटारीला नाही, आणि सीट नसेल तर तो चालक तुम्हांला रांगेत उभं ठेवून निघून जाऊ शकतो. विमानात दोन वर्षं पूर्ण झालेल्या मुलाचं स्वतंत्र तिकीट असतंच. सीटवर विमानात वापरण्याची मान्यता छापलेली असेल आणि रुंदी ४३ सेंटिमीटरच्या आत असेल तर ती खिडकीच्या जागेवर वापरता येते. विमान कंपनीला आधी कळवा. सामानात टाकायचीच असेल तर मूळ खोक्यात, कोपऱ्यांत कपडे कोंबून टाका. उतरल्यावर कापड उचलून आतला पांढरा थर्माकोल तडकला आहे का ते पाहा. तडकला असेल तर ती सीट वापरू नका.

सहल कंपन्यांकडे आमची एक छोटी मागणी आहे, आणि आपल्या पर्यटन पुरवणीने ती लावून धरावी अशी विनंती. बंदरावरच्या फेरफटक्याच्या पावतीवर वेळ, जेवण आणि ‘एसी वाहन’ एवढंच छापलेलं असतं. त्यात आणखी एक ओळ घालायला खर्च येत नाही: वाहनाचा प्रकार, मागच्या बाकावर चालू अवस्थेतले तीन टोकांचे पट्टे किती, आयसोफिक्स आहे की नाही, आणि एकूण किलोमीटर. पावती हातात येताच सीट न्यायची की नाही ते घरबसल्या ठरेल.

आपले,
मुलांच्या कार सीट बसवून देण्याचं काम करणारे दोन वाचक, पुणे